पहिली भाकरी गायीची

"अहो, आधी गॅस बंद करा. भाकरी जळतेय."

मी मॅडमच्या स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. शुद्धीवर येताना कानावर आलेलं पहिलं वाक्य हे. साहेब मला ओलांडून गेले आणि त्यांनी गॅस बंद केला. माझ्या अंगाला दरदरून घाम, हातपाय थरथरत होते, बोटांना पीठ तसंच.

मॅडम वाकल्या. माझ्या तोंडाचा वास घेतला. म्हणाल्या, "मावशी, पिऊन आलात का?"

आयुष्यात कधी शिवले नाही मी दारूला. मी म्हणाले, "साखर आहे मला." कामाला लागले त्याच दिवशी हे सांगितलं होतं. साखर मोजायचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या ओट्यावरच होत्या, साहेबांच्या. मी बोट पुढं केलं.

"त्या पट्ट्या साहेबांच्या आहेत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीजमधून पेढ्यांचा डबा काढला. "हे खा. आमच्याकडे कुणी गोड खात नाही, चार दिवस पडूनच होते."

मी खाल्ले. दोन पेढ्यांनी जीव जाग्यावर आला. त्या पेढ्यांची मला आजही किळस येते. मी भिंतीला टेकून बसले होते आणि मॅडम माझ्यासमोरच फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, "या लोकांना खाण्याचं भानच नसतं गं. कितीही सांगा."

भान मला नव्हतं? साहेबांचा आहाराचा तक्ता फ्रीजवर चिकटवलेला. तो मला पाठ होता. साडेनऊला कळण्याची भाकरी आणि मेथी, अकराला पेरू चिरून ठेवलेला, एकला मी परत येऊन पुन्हा भाकरी. पाच मिनिटं उशीर झाला की मॅडम दारात उभ्या. साहेबांची साखर मी सांभाळत होते, घड्याळाकडे बघून.

आणि माझी? सरकारी दवाखान्यात अर्धा दिवस रांगेत उभी राहिले तेव्हा गोळी मिळाली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "सकाळी जेवणाआधी अर्धा तास." तुम्ही जेवता कधी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सगळं जग सकाळी जेवतं तशी मीही जेवत असेन, असं त्यांनी धरलं. मी नऊला गोळी घ्यायचे. जेवण तीनला. चार घरचा स्वयंपाक उरकल्यावर, शेवटच्या घरात उरलेलं. कधी भात, कधी कालच्या पोळ्या. मॅडमच्या बंगल्यातली पहिली भाकरी गायीची. रोज फाटकाशी येऊन उभी राहायची ती. मग साहेब, मॅडम, मुलं. ज्या हातानं थापायची त्या हाताचा नंबर नव्हताच.

कळण्याची भाकरी आमची. धुळ्याला शाळेत मी ज्वारी-उडदाची ती काळपट भाकरी डब्यात न्यायचे, तर मुली नाक मुरडायच्या. आता ती बंगल्यात गेली आणि आमच्या ताटात रेशनचा भात आला. मोबाइलवर गोऱ्यागोमट्या बाया सांगतात, जगभर साखर वाढलीय, जीवनशैली बदला. कुणाची? मी कधी ठरवली होती ती?

माझ्या आईलाही साखर होती. पायाला खिळा लागला तो तिला कळलाच नाही, दाळमिलमध्ये उभी राहून काम करायची. पाय काळा पडल्यावर डॉक्टर तिच्यावर ओरडले, "इतके दिवस काय करत होतात?" काम करत होती, दुसरं काय! गुडघ्यापासून पाय काढला. वर्षभरात गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "बेटा, पाय गया ते गया. पन तू उपाशी ऱ्हाऊ नको."

मी पडले त्या रात्री मला तिचा तो पाय आठवत राहिला, आणि राग आला. मॅडमचा आला, त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं मी मुकाट्यानं थापत होते.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेले. नऊला गोळी घेतली. साडेनऊला पहिली भाकरी तव्यावरून उतरवली. ताटलीत घेतली, वर मेथी वाढली आणि तिथेच ओट्याशी बसून घास मोडला.

मॅडम धावतच आल्या. "मावशी! गायीची आहे ती!"

बंगल्यात मी नेहमी जपून बोलायचे, शुद्ध. त्या दिवशी तोंडातून माझीच अहिराणी आली.

"गायले साखर नही शे, मॅडम. मले शे. पहिले मी जेवसू, मंग बठ्ठास्नं." आधी माझं, मग सगळ्यांचं.

साहेब टेबलाशी बसले होते. दंडावर साखर मोजणाऱ्या यंत्राची चकती, समोर रिकामं ताट. दुखणं एकच होतं आमचं. ते काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

"उद्यापासून येऊ नका," मॅडम म्हणाल्या.

मी भाकरी संपवली. सगळी. ताटली धुतली आणि मगच निघाले.

बाकीच्या तीन घरांत तेच सांगितलं. एक घर सुटलं, दोघींनी मान्य केलं. दवाखान्यात परत गेले आणि या वेळी डॉक्टरांना मान वर करायला लावली. माझा दिवस कसा जातो ते सांगितलं, गोळीची वेळ नीट लिहून घेतली. शेजारच्या शकीला आपा मेहरूण भागात धुणीभांडी करतात. त्यांना रक्तदाब आहे, त्याही आता घरून खाऊनच निघतात.

परवा पिंप्राळ्यात नवीन घर बघायला गेले. तिथल्या ताईंनी विचारलं, "स्वयंपाकाला किती वाजता याल?"

"साडेनऊला मी जेवते," मी म्हणाले. "तुमच्या घरातलं ताजं, बसून. ते चालत असेल तर पुढचं बोलू."

"कळवते," त्या म्हणाल्या. मी चपला घातल्या.

काम मिळो न मिळो. उपाशी पोटी मी आता कुणाचीही शेगडी पेटवणार नाही.