मेकाँगवरची गादी

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि जन्मात पहिल्यांदा विमानात बसलो होतो. हमीदभाई मात्र अजून उभाच. विमानातली पोरगी दोनदा बसायला सांगून गेली, तरी हा आपला सीट तळहातानं दाबून पाहतो आहे. पुढून दाबली, मधून दाबली, काठावरून बोटं फिरवली. मग घरून आणलेली स्वतःची चौकोनी कापसाची गादी तिच्यावर टाकली आणि बसला. म्हणाला, "गज्या, इमान भारी हाय, पण गादीत जीव नाही."

पांढरकवड्याला हायवेला लागून त्याचं दुकान होतं. ट्रकच्या सीटा भरायचा. मी चौथी नापास. तीस वर्षं नागपूर-हैदराबाद ट्रक हाकला, तो त्याच्याच गादीवर बसून. दिग्रसच्या जिनिंगमधला कापूस, खाली काथ्या, वरून लाल रेक्झिन. सीटला टेप लावताना मी त्याला कधी पाहिलं नाही. ड्रायव्हरला चहा पाजायचा, गप्पा मारायचा आणि तो कोणत्या कुशीवर कलतो ते बघत राहायचा. "सीट नाही मोजाची, माणूस मोजाचा," म्हणायचा. गादी झाली की तिच्यावर पहिल्यांदा ड्रायव्हरच्या बायकोला बसवायचा. का, तर "जिचा माणूस रातभर याच्यावर राहीन, तिचा भरोसा पहिले." माझी बायको लाजायची, पण दर नव्या गादीला जायची.

पुढे तयार सीटा येऊ लागल्या. त्याच्या मुलानं दुकानात टायर भरले. हमीदभाई दोन वर्षं दुकानाबाहेर स्टुलावर बसून राहिला, हात मांडीवर ठेवून. माझी बायको वारली, तेव्हा माझा मुलगा राजू, जो थायलंडात कारखान्यात नोकरीला आहे, म्हणाला की बाबा, कोणाला तरी सोबत घेऊन या, शेजारचा लाओस देश नदीनं दाखवतो, बोटीत बसवून. मी स्टुलावरच्याला उचलला.

मेकाँग म्हणजे आपली पैनगंगा पुरात असते तशी, पण बारा महिने. दोन्हीकडे डोंगर, जंगल. मध्येच सागाची झाडं दिसली की ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटायचं. लांबच लांब लाकडी बोट, मागं ट्रकचं इंजिन, आणि उतारूंना बसायला जुन्या मोटारींच्या सीटा. हमीदभाई एकेक दाबत पुढे गेला आणि थबकला. बोट चालवणारा बाबा उघड्या फळीवर बसला होता. हातात ट्रकसारखंच स्टेअरिंग, पाण्यातले खडक चुकवत सकाळपासून तिथंच.

"पाह्य, सवारी गादीवर अन् डायवर फळीवर."

त्यानं फळीला हात लावला, तसा बोटवाल्यानं मान न वळवता तो झटकून टाकला. मी हमीदभाईला मागं ओढलं. सांगितलं की ड्रायव्हरच्या जागेला परक्याचा हात चालत नाही, मी सख्ख्या भावालासुद्धा कधी माझ्या जागेवर बसू दिलं नाही.

"भावाले नाही बसू देलं, पण माह्या गादीवर बसलास ना बे?"

मग तो दिवसभर बोटवाल्याच्या मागं ठाण मांडून बसला. काठावर हत्ती पाणी पीत होते म्हणून राजूनं हाक मारली, तर म्हणाला, हत्ती उद्याही पितील, याचा डावा गुडघा दुखून राह्यला ते पाहू दे.

संध्याकाळी मुक्कामाच्या गावी कळलं की आम्हाला पुढची बोट वेगळी आहे, आणि ही सकाळी उलटी जाणार. हमीदभाई लॉजच्या ओसरीत बसला आणि स्वतःची गादी उसवली. बॅगेतून दाभण निघाला. पहिले टाके वाकडे गेले, ते त्यानं काढले. मी म्हणालो, आणि त्यानं घेतलीच नाही तर?

"तं मंग पोराचंच खरं. टायर इकतो मीबी."

डाव्या बाजूला कापूस जास्त ठासला, वरून आपली चौकड्यांची लुंगी दुहेरी करून शिवली. दाभणात दोरा मी ओवून देत होतो, हे गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

परत आल्यावर त्यानं टायरांतून एक कोपरा रिकामा करून घेतला आणि अखेरच्या महिन्यापर्यंत ट्रॅक्टरच्या गाद्या भरल्या. त्याला जाऊन आता वर्ष झालं. पण त्याचं नाव निघालं की मला ती लॉजनंतरची सकाळच आठवते.

बोटवाल्याची बायको घाटावर भांडी घासत होती. हमीदभाई नवऱ्याकडे गेलाच नाही. गादी तिच्यापुढे ठेवली आणि बसायची खूण केली. राजूनं तिला मोडक्यातोडक्या थाईत कारण सांगितलं. तिनं हात पुसले, बसली, दोनदा हलून पाहिलं आणि नवऱ्याला काहीतरी बोलली. काय म्हणते, म्हणून मी विचारलं. राजू हसत म्हणाला, "उचल मुकाट्यानं, म्हणते."

बोटवाल्यानं गादी फळीवर टाकली, बसला, डावा पाय लांब केला. स्टेअरिंग डावीउजवीकडे फिरवून पाहिलं. मग उठला आणि हमीदभाईला हातानं आपली जागा दाखवली, की बस. त्याचा अर्थ काय असतो ते मी जाणतो. हमीदभाईही जाणत होता. त्यानं माझा दंड धरून मला पुढे ढकललं.

"डायवर हा हाय," तो मराठीतच बोटवाल्याला म्हणाला.

मी स्टेअरिंगपाशी गेलो. बसायच्या आधी वाकलो आणि तळहातानं गादी दाबून पाहिली. पुढून, मधून, मग काठावरून.