पहाडीवरून दिसलेलं माहेर

गुडुक, गुडुक, गुडुक.

वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी अर्ध्यावर आलं, की चालताना तो असा बोलायला लागतो. काठोकाठ भरलेला तुंबा मुका असतो. आज पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या मला तोच आवाज आला. साठ वर्षांच्या पलीकडून, आईच्या कमरेपासून. मग म्हटलं, आता हे प्रवासवर्णन लिहून टाकावंच. इथं हिमालयाच्या वाऱ्या करणारे वाचक येतात, त्यांना आमची लांजीकडची पहाडी ठेंगणी वाटेल. वाटू द्या. माझी आई ती चढली आहे, म्हणून माझ्या हिशेबी ती उंचच.

साल नक्की सांगत नाही. बाघ नदीच्या पलीकडचा मुलूख महाराष्ट्रात जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आम्ही नदीच्या अलीकडे मध्यप्रदेशात होतो. मी बालाघाटला कॉलेजात शिकत होतो. पौषातली सुट्टी लागली तेव्हा हट्टा गावावरून लांजीकडे जाणारी बस पकडली. कंडक्टर ओरडला, "अरे पढ़े-लिखे भैया, कविता बाद में करना, पहले पैर अंदर लो!" माझ्या हातात मराठीचं क्रमिक पुस्तक होतं. शाळा सुटून वर्षं झाली होती, पण त्यातल्या कविता चालीवर म्हटल्याशिवाय मला प्रवास गोड लागत नसे. त्या कवितांमधल्या डोंगरांवर झरे खळखळत, हिरवळ पसरलेली असे. आमच्या गावामागे एवढी मोठी पहाडी उभी होती, आणि मी तिच्यावर फक्त लाकडं आणायला गेलो होतो. या सुट्टीत देखावा पाहायला जायचं, असं मी बसमध्येच ठरवलं.

घरी जेवताना तसं सांगितलं, तर बाबांनी विचारलं, "देखावा म्हंजे काय आणाचं हाय?"

"काही आणायचं नाही. नुसतं पाहून यायचं."

बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. आमच्याकडे पहाडीवर रिकाम्या हातानं कुणी जात नाही आणि रिकाम्या हातानं परतही येत नाही. जळण, बांबू, मोह, तेंदूपत्ता, काहीतरी कारण लागतंच. विनाकारण पहाडी चढणारा माणूस एकतर घरात भांडलेला, नाहीतर डोक्यावर परिणाम झालेला.

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "मी बी येतो याच्यासंगं. आवळे आणाचे हायेत."

आवळे गावाबाहेरच्या नाल्यावरही होते.  पण बाबांना आणि मला, दोघांनाही ठाऊक होतं की त्या पहाडीच्या माथ्यावरून नदीपार आईचं माहेर दिसतं.

आता इथं थोडं थांबून मागचं सांगायला हवं. माझ्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नात आहेर पुकारायचं काम बाबांकडे होतं. मांडवात उभं राहून कुणाकडून काय आलं ते खणखणीत आवाजात सांगायचं. पंचक्रोशीत तसा आवाज दुसरा नव्हता, सोयरे दुरून ऐकायला येत. पण त्या दिवशी गडबडीत बाबांच्या तोंडून गावच्या झाडून साऱ्यांचे आहेर पुकारले गेले आणि नवरीच्या मामाचाच राहिला. मामाचं लुगडं म्हणजे मांडवातला सगळ्यात मानाचा आहेर! गोविंदमामा, आईचा पाठचा भाऊ, पानावरून उठला आणि उपाशीच नदी ओलांडून गेला. नंतर बाबा त्याच्याकडे गेले नाहीत आणि तो आमच्याकडे फिरकला नाही. भाऊ न्यायला आल्याशिवाय बहिणीनं माहेरी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आईनं ती मोडली नाही. दर भाऊबिजेला ती ओवाळायचं ताट तयार करी आणि दिवा आपोआप विझेपर्यंत ते दारापाशी ठेवी. त्या वर्षीची भाऊबीजही तशीच कोरडी गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. निघताना पाहिलं, तर बाबा ओसरीवर दाढीचे खुंट खाजवत बसले होते. बाजारचा दिवस असूनही म्हणाले, "आज दाढी नाई करत मी." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

गल्लीच्या टोकाला शेजारची सुभद्राकाकी शेण थापत होती. "काहून वो, मायलेक सकाळीच कुठं?"

"पहाडीवर."

"लाकडं त तुह्या घरी ढीगभर हायेत!"

"पोरगा देखावा पाहाले जाऊन राह्यला," आई म्हणाली. "शिकला हाय न तो."

"अगं बाई! मंग जा बाप्पा. अस्वल भेटलं त त्याले बी दाखवजो देखावा!"

सामानाचं सांगतो, कारण हल्ली सगळे तेच आधी विचारतात. मी बालाघाटहून नवेकोरे कॅनव्हासचे बूट आणले होते आणि त्यांचा मला फार तोरा होता. आईनं बाबांच्या टायरच्या चपला घातल्या होत्या, सुतळीनं घोट्याला बांधून. हिवाळ्यात सागाची पानं गळून वाटेवर हातभर थर होतो, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज येतो आणि खाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. पहिल्याच चढावर माझे बूट त्या पानांवरून सर्रकन घसरले आणि मी बसलो. टायरचा तळवा मात्र दगड सोडत नव्हता. आईनं मागे वळून पाहिलं, हसू दाबलं आणि बांबूची काठी माझ्याकडे सरकवली. "घे. बुटाईनं नाई होत सारं." तेव्हापासून माझं मत असं, की बुटांवर खर्च करा अवश्य, पण काठी आधी घ्या. पाण्याला तुंब्याइतकं गार ठेवणारी बाटली मला अजून सापडलेली नाही. उन्हाचं डोक्याला आणि थंडीचं कानाला म्हणून एक दुपट्टा, तोच उतरताना आवळे बांधायला. शिदोरीत तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी, मिरचीचा ठेचा. खर्च म्हणाल तर बसचं भाडं आणि माझे ते बूट, बाकी सगळं घरचं.

वाट नाल्याच्या कडेनं, मग बांबूच्या रांजीतून, म्हणजे दाट बेटांतून, मग उघड्या कातळावरून. आई माझ्या पुढे होती. लुगड्याचा काष्टा घट्ट, कमरेला तुंबा, पाठीवर गाठोडं, आणि एकसारखी चाल. धापा मी टाकत होतो. कातळाच्या मध्यावर ती पहिल्यांदा थांबली, तुंबा मला दिला आणि म्हणाली, "म्हण न तुही ते कविता. बसमंदी म्हंतो त इथं काहून नाई म्हनत?"

मी म्हटली. दम लागला होता, चाल मोडत होती. पण शब्द कातळावर आपटून परत यायचे, जणू मागच्या बाकावरची सगळी पोरं माझ्यामागून म्हणताहेत. आई शेवटापर्यंत उभी राहून ऐकत राहिली. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईइतका चांगला श्रोता मला पुढे कुठल्याही कविसंमेलनात मिळाला नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

दुपारच्या आधीच माथ्यावर पोचलो. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली. झरा नाही, हिरवळ नाही. पिवळं वाळलेलं गवत, काळा दगड आणि पलीकडे निळ्या पहाड्यांच्या रांगा. मी त्या रांगांकडे तोंड करून बसलो, आई बरोबर उलट्या बाजूला, सपाटीकडे. देखाव्याची आवड माणसागणिक वेगळी असते, ते मला तिथं कळलं. मला जिथं कुणी राहत नाही ते सुंदर वाटे. तिला जिथं चुलीचा धूर निघतो ते.

"इकडे पाह्य," ती म्हणाली. "ते बाघ नदी. तिच्या पल्याड ते बोडी दिसते का, टिकलीसारखी? बाजूले शिंदीची झाडं? ते आमची बोडी."

कापलेल्या धानाची रिकामी बांधबंदिस्ती, तिच्यात चमकणारा तो लहानसा तलाव, आणि त्याच्या काठाला धुराची एक रेघ. मला ते जेमतेम दिसलं. तिला तर आपल्या भावाचं खळंसुद्धा दिसत होतं.

भाकर खाल्ली. मी म्हटलं, निघू या. ती म्हणाली, "थांब जरा. दिवस इकडे उतरू दे."

कशासाठी, ते सूर्य पश्चिमेकडे कलल्यावर कळलं. तिनं गाठोडं सोडलं. आत खणात गुंडाळलेला आरसा होता. बाबांचा दाढीचा! मी हसलो, "एवढ्या उंचावर कुंकू लावायला?"

"गप ऱ्हाय." मग तिनं सांगितलं. लहानपणी गोविंदा ढोरं घेऊन दूर गायरानावर असे. ही शेतावर भाकर घेऊन जाई आणि हाक पोचत नसे म्हणून आरशाच्या तुकड्यानं त्याच्यावर कवडसा टाकी. दोनदा झटकन, थोडं थांबून एकदा. म्हणजे, भाकर आली, जेवाले ये. ती खूण त्या दोघांशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हती.

तिनं डावा हात पुढे ताठ धरला, दोन बोटं फाकवली, त्यांच्या बेचक्यात ती टिकलीएवढी बोडी धरली. उजव्या हातात आरसा. कवडसा आधी बोटांवर आणला, मग हळूच बेचक्यातून पलीकडे सोडला. दोनदा. थांबून एकदा. परत दोनदा, थांबून एकदा. तिचे हात जरासुद्धा हलत नव्हते.

"दिसेल का गं त्याला?"

"या टायमाले तो खळ्यावरच राह्यते. तोंड इकडेच राह्यते त्याचं."

"आणि दिसलं, तरी येईल का?"

तिनं परत आरसा उचलला. पलीकडून काही उलट चमकलं नाही. सूर्य बराच खाली गेला, तोवर ती कवडसे टाकत होती. शेवटी मीच घाई केली, कारण अंधारात त्या कातळावरून उतरायचं मला धाडस नव्हतं. तुम्हालाही सांगतो, पश्चिमेचा देखावा स्वच्छ पाहायचा तर सकाळी, ऊन पाठीशी असताना पाहा, आणि उजेड असतानाच माथा सोडा. आम्ही दुसरा नियम मोडला. बांबूच्या रांजीत पोचलो तेव्हा सांज झाली होती. पुढे आई, मागे मी, आणि तिच्या कमरेला तो अर्धा तुंबा, गुडुक, गुडुक.  वाटेतल्या झाडाचे आवळे तोडायला मात्र ती विसरली नाही. दुपट्टाभर तोडले, सुभद्राकाकीला दाखवायला.

घरी आल्यावर तिनं आरसा पुसून खुंटीला अडकवला. बाबांनी तिला तो अडकवताना पाहिलं. "दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"हौ. बोडी भरली हाय."

"बरं." बाबा म्हणाले, आणि विड्याच्या पानाला चुना लावू लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आरसा गाठोड्यात जाताना पाहूनच, दाढी न करता, तो तिच्यासाठी त्यांनीच सोडला होता.

पुढच्या आयुष्यात मी बरेच डोंगर पाहिले. बर्फाचे पाहिले, ज्यांच्यावर कविता झाल्या तेही पाहिले. पण कुणी विचारलं की सगळ्यात सुंदर काय पाहिलंत, तर मी त्या टिकलीएवढ्या बोडीचं नाव घेतो. बूट त्याच उन्हाळ्यात फाटले. तुंबा माझ्या कपाटावर आहे. त्याला आता चीर गेली आहे, पाणी राहत नाही, तरी मी तो कुणाला टाकू देत नाही. आमच्या गावात पहाडीवर विनाकारण जाऊन आलेली पहिली बाई माझी आई. आणि ते विनाकारण नव्हतं, हे माहीत असलेला मी आता एकटाच उरलो आहे. आता तुम्हीही आहात.

पण एक सांगायचं राहिलं. त्या पौषातली सुट्टी संपत आली होती. मी बालाघाटला जायची पिशवी भरत होतो, आई आवळे उकडत होती, बाबा ओसरीवर आरसा गुडघ्यात धरून दाढी करत होते. दाराशी चपला झटकल्याचा आवाज आला. मांड्यांपर्यंत नदीची वाळू चिकटलेली, खांद्यावर दुपट्टा, काखेत कापडात बांधलेलं काही.

गोविंदमामा.

बाबांकडे न पाहता तो थेट आत ओरडला, "काय वो बाई! पहाडीवर भाकर घेऊन बसते अन् मले जेवाले बोलावते? इतक्या वर भाकर खाले कोन येईन? म्हनून घरीच आलो."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला. बाबा उठले. अर्ध्या गालाला साबण तसाच. ओसरीच्या कडेवर येऊन उभे राहिले, छाती भरून श्वास घेतला, आणि लग्नाच्या मांडवातल्या त्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पुकारलं:

"नवरीचे मामा गोविंदराव यांच्याकडून, भाचीले, लुगडं अन् चोळी!"

सुभद्राकाकी शेणाच्या हातानं बाहेर आली. समोरच्या घरातून माणसं आली. कुठं लग्न आहे, ते कुणालाच कळेना. मामा उंबऱ्यापाशी मान खाली घालून उभा होता. मग त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला,

"पुकारलं न जवाई? मंग आता वाढा. त्या दिवसापासून भुका हावो मी."