बिग ब्लाइंडचे वाल

रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत आमच्या सेक्शनला आम्ही चौघे. प्लांट कधी बंद पडत नाही, त्यामुळे गणेश चतुर्थीला सकाळच्या शिफ्टला एकाने यायचंच. कोणी, ते साहेब आमच्यावर सोडतात. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचो. मग आमच्यातला एकजण मोबाईलवर पोकर शिकला आणि आमचं नशीबही सुशिक्षित झालं. पैसे लावायचे नाहीत, म्हणून कडवे वाल वाटून घेतो. ज्याचे वाल आधी संपतील, त्याची ड्युटी.

गेली दोन वर्षं ती माझीच. मी हरतो तो बहुतेक बिग ब्लाइंडवर. ही पाळी ज्याच्यावर येते, त्याने पानं बघायच्या आधीच ठरलेले वाल मधे टाकायचे. पाळी सगळ्यांवर फिरते. बाकीचे पानं वाईट आली की खाली ठेवतात आणि चहा पितात. मला ते जमत नाही. टाकलेत ना आपण, मग असे कसे सोडायचे? दुर्री-सत्ती हातात घेऊनही मी लढायला उभा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. नोकरीचंही तेच. पेणहून रोज येऊन-जाऊन करतो, अंग आंबून जातं, दर वर्षी सोडतो म्हणतो, आणि इतकी वर्षं घातलीत म्हणून सकाळी परत निघतो.

बायको पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करते. डोळ्यांची आखणी तिच्याकडे. सीझनला तिला मान वर करायची सवड नसते. गावोगावचे गणपती तिच्या हाताखालून जातात, आणि गेल्या चतुर्थीला घरचा मात्र तिने एकटीने, रिक्षात मांडीवर घेऊन आणला. पूजेला शेजारचे काका बसले. त्या संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. यंदा मूर्ती मीच आणणार, असं मी तिला शब्द देऊन सांगितलं होतं.

खेळ गोकुळाष्टमीला, आमच्यातल्या एकाच्या खोलीवर झाला. शिफ्ट करून आलेलो, पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. बराच वेळ मी शहाण्यासारखा वागलो. मग बिग ब्लाइंड माझ्यावर आला. माझ्याकडे राजा आणि छक्की. खोलीवाल्याने वाल वाढवले, बाकी दोघांनी पानं ठेवली. मीही ठेवायला हवी होती. पण माझे वाल मधे पडले होते ना!

मधली, सगळ्यांना मिळून असलेली पानं उघडली. त्यात राजा. माझी राजाची जोडी जमली, आणि मला वाटलं यंदा देव पावला. तो वाढवत गेला, मी देत गेलो. शेवटी त्याने सगळे पुढे सरकवले, मीही सरकवले. त्याने पानं उघडी केली. त्याच्याकडेही राजा होता. जोडीला एक्का. माझ्या जोडीला छक्की. राजे सारखे, मग उरलेलं पान ज्याचं मोठं तो जिंकतो. संपलं.

"अरे, छक्कीवर कोण लढतो?" तो म्हणाला. "सोडायचं होतंस."

मी उठून चपला घातल्या. राग यायलाही अंगात जोर लागतो. कुंडलिका नदीच्या पुलावर आलो आणि घरी फोन लावला. कसं सांगावं ते सुचेना.

"अगो, ऐक ना. यंदा पण..."

"हरलात?"

"व्हय."

मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, त्या हव्या होत्या मला.

"बरं," ती म्हणाली. "माझा दादा आणणार हाय मूर्ती. पूजेला पण तोच बसंल."

"त्याला कधी सांगितलंस? खेळ तर आत्ता झाला."

"श्रावण लागला तवाच सांगितलं. तुमच्यावर आस लावून नाय बसायचं, असं ठरवलंय मी. तुमी या सावकाश."