शांतीचं सामान

साक्री ते धुळे या रस्त्यावर जेवढी म्हणून भांडणं, रडारडी आणि काळज्या असतील, त्या मिटवण्याचा मक्ता आमच्या शेजारच्या नानांनी एकट्याने घेतलेला आहे. नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, धर्माने ख्रिस्ती, आवाजाने पहाडी. भेटेल त्याला ते "शांती असो" म्हणतात, आणि इतक्या मोठ्यांदा म्हणतात की ऐकणारा दचकतो. नोकरीत असताना एकदा खिडकीच्या जागेवरून दोन बायांची जुंपली, तर यांनी कुसुंब्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, मागे वळून "शांती असो" म्हटलं आणि डोळे मिटून प्रार्थनेलाच लागले. ड्रायव्हरने डोळे मिटलेले पाहून बायाच काय, अख्खी गाडी गप्प झाली.

त्यांच्या प्रार्थनेत येशूच्या पायाशी आमची सगळी गल्ली नावानिशी घातली जाते. नळाला पाणी सोडणारा, त्याची सासू, कोपऱ्यावरचं लंगडं कुत्रं, कुणी सुटत नाही. एकदा माझी मूळव्याधही अशीच जाहीर झाली. हे सगळं चहाच्या आधी चालतं, त्यामुळे नानांकडचा चहा मी आजवर गरम प्यालेलो नाही. शिवाय त्यांची ती घडीची लोखंडी खुर्ची! गुडघ्यामुळे खाली बसवत नाही आणि दुसऱ्याच्या घरी खुर्ची मागायचा संकोच. म्हणून आजारपण असो की मयत, नाना स्कूटरला खुर्ची बांधून हजर. मी त्यांना फिरता मांडव म्हणायचो. माझा देवाधर्माशी संबंध बेताचा, त्यामुळे थट्टा करायला मी मोकळाच होतो.

मग माझ्या धाकट्या भावाला शिंदखेड्याजवळ ट्रकने उडवलं. धुळ्याच्या दवाखान्यात तो बेशुद्ध पडलेला, डॉक्टर काही सांगेनात, आणि आईचे हात थरथरायला लागले ते थांबेनात. नाना खुर्ची घेऊन आले. आईला माहीत असलेल्या शांती दोनच, वास्तुशांत आणि उदकशांत. नाना जिकडेतिकडे शांती देत फिरतात म्हणजे त्यांच्यातही तसाच काहीतरी विधी असणार, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. पदर सावरून ती म्हणाली, "नाना, मना पोऱ्यानी शांत करी द्या. काय काय सामान आनू? नारळ, सुपारी, ब्लाउजपीस?"

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. नानाही हसले नाहीत. "सामान मनाजोडे शे, अक्का," म्हणजे आपल्याजवळच आहे, असं म्हणाले आणि तिच्या बाकाशेजारी खुर्ची उघडून बसले.

चार दिवस ते सकाळी साक्रीहून यायचे आणि दिवस मावळेपर्यंत बसायचे. तो पहाडी आवाजाचा माणूस तिथे ओठांतल्या ओठांत प्रार्थना करायचा. तिसऱ्या दुपारी आईने विचारलं, "नाना, वाची का तो?"

"ते माले मालूम नई, अक्का. पन तो तठे एकला नई शे, इतलं मालूम शे."

थोड्या वेळाने पाहतो तर आईचे हात मांडीवर निवांत पडलेले. भाऊ शुद्धीवर आला पाचव्या दिवशी. आई मात्र त्या दुपारीच सावरली होती. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. त्या माणसाची थट्टा करताना तेव्हापासून माझी जीभ अडखळते.

गेल्या वर्षी नानांची बायको गेली. दफन झालं, पाहुणे परतले. नाना अंगणात आपल्या खुर्चीवर बसून होते. हात जोडायचे, ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. सगळ्या गल्लीला नावानिशी देवापुढे उभं करणाऱ्या माणसाला बायकोचं नाव घेता येत नव्हतं. मला भीती वाटली. यांचीच शांती सरली तर आमच्यासारख्यांनी कुणाकडे बघायचं?

तेवढ्यात आमच्या घरातून आई आली. काखेत आमची प्लास्टिकची खुर्ची. ती नानांच्या शेजारी ठेवून आई बसली आणि आणलेल्या खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाली, "नाना, मी सामान लई उनू."

नानांनी त्या खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले आणि अगदी हळू बायकोचं नाव घेतलं. आवाज फाटला, पण थांबला नाही. पाठोपाठ प्रार्थनेत नळवाला आला, त्याची सासू आली, लंगडं कुत्रं आलं, आणि मूळव्याधीसकट मीही आलो. कुंपणापाशी उभ्या उभ्या मी ते सगळं ऐकलं, आणि कुणी न सांगता माझे हात जोडले गेले.