पुराव्यादाखल राखलेली नागीण

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही डोंबिवलीत, रासायनिक कारखान्यांच्या वाऱ्याच्या टप्प्यात राहत होतो. सायंकाळी कुजक्या अंड्यांचा दर्प घरात शिरे आणि सकाळी खिडकीच्या गजांवरची पिवळट भुकटी बोटाला लागे. मी वागळे इस्टेटमधील एका कंपनीच्या विधी विभागात होतो. या घाणीविरुद्ध मी संबंधित कार्यालयाला इतकी पत्रे धाडली होती की दुसरी फाईल भरत आली होती; पोचपावतीपलीकडे काही हाती लागले नव्हते. मला हवी होती इजा: दृश्य आणि सिद्ध करता येण्याजोगी. एका मंगळवारी ती माझ्या पत्नीच्या कपाळावर उगवली.

डाव्या भुवईवर लाल पट्टा, त्यात पाणी भरलेल्या पुटकुळ्यांचे घोस. कपाळाच्या मध्यावर ते आखल्यासारखे थांबले होते. खाली मात्र पापणीवरून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले होते. बुधवारी मी तिला स्टुडिओत नेऊन समोरून आणि बाजूने फोटो काढवला. त्याच दिवशी रजिस्टर्ड पत्र गेले.

"अहो, आग आग होतेय. निदान कैलास जीवन तरी लावू द्या," ती म्हणाली.

"पाहणी होऊ दे. पंचनाम्यापूर्वी काहीही लावायचे नाही. पुरावा बिघडेल."

दारावर मासळी घेऊन येणाऱ्या कोळीणबाईंनी टोपली उतरवली आणि पत्नीकडे पाहताच कपाळाला हात लावला. "आगो बाय, ही त नागीन हाय! डोल्याशी आली. डाक्टरकडं ने रं हिला."

"हा रासायनिक दाह आहे," मी म्हणालो. "आपण तज्ज्ञ नाही."

"मंग नागिनीला पन नोटीस धाडा, वकीलसायेब!" टोपली डोक्यावर चढवत त्या म्हणाल्या. पत्नी हसली, आणि ताणलेल्या पुटकुळ्यांमुळे लगेच कळवळली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पुटकुळ्या पिकून पिवळ्या झाल्या, फुटल्या, चिकट पू पापण्यांत साकळला. मी समोर बसून त्याचे दैनंदिन टिपण ठेवीत होतो.

शनिवारी मुलगी पुण्याहून आली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करीत होती. तिने आईकडे एकदा आणि माझ्या फाईलकडे एकदा पाहिले, आणि रिक्षा बोलावली. ठाण्याच्या नेत्रतज्ज्ञांनी दिव्याखाली डोळा तपासून विचारले, "चार दिवस काय करत होतात? गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू व्हायला हव्या होत्या. बुबुळावर व्रण पडलाय." मी फाईल पिशवीतून काढलीच नाही.

बाहेरच्या बाकावर मुलगी म्हणाली, "आईला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या. तोच विषाणू, बाबा. इतकी वर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दडून होता."

"पेशीत शिरतो कसा?"

"पेशीच्या अंगावर ग्राही प्रथिनं असतात, शरीराचे निरोप घ्यायला वगैरे. हा त्यांनाच चिकटतो. मग पेशी स्वतःच त्याला आत घेते."

"म्हणजे घरफोडी नव्हे. फसवणूक."

"याच्या कुळातले काही तर आणखी नीच. ग्राही प्रथिनाची कृतीच आपल्याकडून चोरतात, स्वतःचं तसलंच प्रथिन घडवून पेशीच्या अंगावर बसवतात. मग निरोप आलेला नसतानाही पेशी आल्यासारखी राबते. आणि मदतीला बोलावणारे निरोप ते प्रथिन गिळून टाकतं."

बनावट मुखत्यारपत्राची प्रकरणे मी कित्येक पाहिली होती. इतके निर्लज्ज त्यांतले एकही नव्हते. घरमालकाच्याच नावाने घरातून हुकूम सोडायचे आणि त्याची हाक बाहेर पोहोचू द्यायची नाही! मी चडफडत हे बोलत असताना मुलगी माझ्याकडे शांतपणे पाहत होती. "आईनं मलम मागितलं होतं ना?" तिने विचारले.

खपल्या पडल्या, वेदना वर्षभर राहिली, डाव्या डोळ्यावर दुधी सायीसारखा डाग कायम झाला. कारखान्याविरुद्धची ती एक तक्रार मी लेखी मागे घेतली. वासाविरुद्धच्या कायम ठेवल्या. माझे प्रत्येक पत्र पाठवण्यापूर्वी पत्नी वाचून पाहत असे. ते तिने सोडले.

फाईल माझ्याकडे आहे. बुधवारच्या फोटोत भुवईवर घोस आहेत, पापणी सुजली आहे आणि खालचा डोळा अगदी स्वच्छ आहे. मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख आहे.