रविवारचा पर्चा

बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या लायब्ररीत काढली. भुताखेतांची पुस्तकं मी 'लोककथा' या कपाटात लावायची, आणि आजही तिथेच लावीन. तरीही जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते...

आम्ही हैदराबादला, विद्यानगरमध्ये राहतो. माझे यजमान सरकारी नोकरीत होते, पण जीव सगळा गाणी गोळा करण्यात. सुलतान बाजारात जब्बारभाईंच्या दुकानातून जुन्या कॅसेटी आणायचे. पुढे बाहेरचा माल उघड मिळू लागला तशा परदेशी सीडी. तीन सीडींचा प्लेअर आला तेव्हा त्यावरच्या 'शफल' बटणावर ते भाळलेच. दर रविवारी सकाळी दहाला शेजारीपाजारी जमायचे. हे बटण दाबायचे – काय लागेल ते त्यांनाही ठाऊक नसे. कव्वालीनंतर हंगेरीतलं व्हायोलिन, मग तेलुगू हरिकथा. प्रत्येक गाण्यावर दोन वाक्यं बोलायचे, तेवढीच. "गाणं निवडायचं नाही, भेटू द्यायचं," म्हणायचे.

ते गेले त्याला दोन महिने झाले होते. मुलगा निखिल आणि सून मुग्धा पुण्याहून आले होते.

"आई, ही दोन कपाटं कोण ऐकणार आता? जब्बारचाचांना बोलावलंय, घेऊन जातील," निखिल म्हणाला.

"नेऊ देत. पण आधी एक रविवार होऊ दे," मी म्हटलं. त्या कपाटांत माझा निम्मा संसार आहे, हे काही मला बोलता आलं नाही.

समोरच्या सरोजिनीगारू आणि शेजारचे दोघे-तिघे आले. प्लेअरमध्ये ह्यांनीच शेवटच्या घातलेल्या सीडी होत्या. मी बटण दाबलं. आधी तेलुगू पाळणा. मग वरातीतला मर्फा – इथल्या हैदराबादी अरबांचे ते ढोल. मग जात्यावरची ओवी, कुठल्याशा बेटावरच्या कोळ्यांचं गाणं, आणि एकटी सनई.

"माला पिरोये जैसा लग रा आज," सरोजिनीगारू हळूच म्हणाल्या. खरंच, माळ ओवल्यासारखी लागत होती गाणी.

तेवढ्यात जब्बारभाई आले. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "भाभी, साब परसों आये थे. ये पर्चा दुकान में भूल गये."

मुग्धाने हातातला कप खाली ठेवला. "परवा? बाबा परवा आले होते?"

दोन महिन्यांत पहिल्यांदा मी हसले. "अगं, इथलं 'परसों' म्हणजे परवा नव्हे. गेल्या आठवड्यापासून निजामाच्या काळापर्यंत काहीही!"

"चाचा, कौनसा परसों?" निखिलने विचारलं.

"अब परसों तो परसोंइच है ना, बाबा."

मग मी पर्चा उघडला... आणि हसू मावळलं. अक्षर ह्यांचं. वर लिहिलेलं 'रविवार', खाली आकडे घालून – पाळणा, मर्फा, ओवी, कोळी, सनई. त्याच क्रमाने. आणि सहावं: 'मंगोलियातला मेंढपाळ'.

ह्यांनी आयुष्यात कधी रविवारची यादी केली नव्हती.

निखिल कॉम्प्युटरवाला. "योगायोग," म्हणाला. त्याने तिन्ही सीडी बाहेर काढल्या, प्लेअरची वायर उपटून पुन्हा लावली. कपाटाकडे पाठ करून हाताला लागतील त्या तीन ओढल्या, आत घातल्या, आणि स्वतः बटण दाबलं. आत सीडी खरखरत फिरली. मग एका माणसाच्या गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर निघाले – एक जमिनीसारखा, एक शिट्टीसारखा.

पर्च्यावरचा सहावा, मंगोलियातला मेंढपाळ! गाणं संपल्यावर निखिलने विचारलं, "हे कसं गातात, आई?"

मी सांगितलं. ह्यांच्यासारखं, दोनच वाक्यांत.

तो जब्बारभाईंकडे वळला. "चाचा, माफ करो. नहीं देते."

"मैं कब माँगा?" असं म्हणत ते खुर्ची ओढून बसले.

पर्चा जुना असेल, हे मला मान्य आहे. कधीचा, ते जब्बारभाईंनाही नक्की सांगता येत नाही. पण यंत्राला कोणी सांगितलं? आजही मला ठाऊक नाही – आणि आता मी कोणाला विचारतही नाही. एवढं मात्र मान वर करून सांगते. ती सहा गाणी मी नंतर किती वेळा उलटसुलट लावून पाहिली. सनई आधी, ओवी मागे, मर्फा शेवटी... एकाचीही जागा बदलता येत नाही. असा कान होता माझ्या माणसाचा.