एमिलचं पिवळं फडकं

माझा मेहुणा एमिल पाल्को आठवडाभर गावातल्या शाळेत पोरांना गाडी चालवायला शिकवायचा आणि रविवारी देशभर फिरून व्यावसायिक फुटबॉलच्या, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या आपल्या अमेरिकन फुटबॉलच्या, सामन्यांत पंचगिरी करायचा. कडेच्या रेघेवर उभं राहायचं आणि कुणी कुणाला धरलं, की कमरेचं पिवळं फडकं काढून फेकायचं. माणूस सरळ, आणि त्या सरळपणाचा त्याला भारी ताठा. "मी दिसतं त्यावरच फेकतो," हे तो माझ्या बारमध्ये इतक्यांदा ऐकवायचा, की ग्लासातली बिअर कोमट व्हायची.

मग जानेवारीतला तो सामना आला. स्टीलचा कारखाना कधीच बंद पडला होता. आमच्या गावाला आपलं म्हणायला उरली होती ती एक टीम. शेवटचं मिनिट, आम्ही पुढे. चेंडू यायच्या आधीच आमच्या गड्याने त्यांच्या गड्याला धरलं, असं ठरवून एमिलने फडकं टाकलं. त्या दंडामुळे चेंडू त्यांना आमच्या गोलरेषेच्या अगदी दारात मिळाला, त्यांनी गुण घेतले आणि आम्ही हरलो.

लोकांनी त्याच्या घरावर अंडी फेकली. ते चालायचंच. पण व्हर्न डोलॅक, त्याचा लहानपणापासूनचा जिवलग, माझ्याच बारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, केवढ्याला विकलास स्वतःला?" त्यानंतर तेरा वर्षं ते दोघे एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसले.

यंदा व्हर्नच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. एमिलची मुलगी नोरीन कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एमिल तिला म्हणाला, "माझं प्रत्येक फडकं तपास. मी विकलो गेलो नव्हतो, एवढं तो जायच्या आधी त्याला कळू दे."

काही आठवड्यांनी ती उत्तर घेऊन माझ्या बारमध्येच आली. एमिल तिथे बसलेलाच होता.

"बाबा, आपल्या टीमवर तुम्ही जास्त फडकी टाकलेली नाहीत. कुठल्याच टीमवर तुमचा राग दिसत नाही."

एमिलने डोळे पुसले. मी दारू ओतायला वळलो.

"पण आणखी एक निघालंय. ज्या टीमचा बाक, म्हणजे कोच आणि राखीव गडी, तुमच्या पाठीमागे असायचा, तिच्या बाजूने जरा जास्त पडलीत. कानाशी ओरडतात ना ते. कितीतरी पंचांचं असं होतं, बाबा."

"त्या दिवशी माझ्या मागे त्यांचा बाक होता," एमिल म्हणाला.

"एका फडक्याबद्दल आकडे काही सांगू शकत नाहीत."

त्याने दारूला हात लावला नाही. हॉस्पिटलला जाताना गाडीत मी त्याला बजावलं, "पहिलं सांग, दुसरं गिळून टाक. मरणाऱ्या माणसाला गणित कशाला?" त्याने मान हलवली. मला वाटलं, सुटलो.

व्हर्नच्या नाकात नळी होती. त्याने पहिलं ऐकलं आणि ढसाढसा रडला. "इतकी वर्षं तुला चोर म्हणालो रे. माफ कर मला." त्याने हात पुढे केला.

आणि या शहाण्याने तो घेतला नाही. असा संताप आला मला! अरे, धर ना तो हात!

"थांब, व्हर्न. पुरतं ऐक," म्हणाला, आणि त्याने बाकाचं सगळं सांगितलं. "तेव्हा वाटलं, मला दिसलं. आता वाटतं, आधी ऐकू आलं असावं."

धापा टाकत व्हर्नने विचारलं, "काय ओरडला होता त्यांचा कोच?"

"माझं नाव घेऊन ओरडला. 'एमिल, बघ, धरलंय त्याने!'"

"मी पण तुझंच नाव घेऊन ओरडत होतो," व्हर्न म्हणाला. "वरून, स्टेडियमच्या शेवटच्या रांगेतून. घसा बसेपर्यंत."

त्याने हात चादरीखाली ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. एमिल उभाच राहिला, नर्स येऊन बाहेर काढेपर्यंत. शुक्रवारी व्हर्न गेला.